कोळसाखाणीच्या गावातली जुनी दारूभट्टी पाडली. तिच्या आठवणी कुणाकडे आहेत का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसाखाणीच्या गावातल्या त्या जुन्या भट्टीत खरंच दारू गाळत होते का, इमारत आतून कशी होती, आणि तिच्या आठवणी सांगणारं कुणी उरलंय का. तिसऱ्या प्रश्नासाठी लिहायला बसले आहे, कारण माझी आई अशाच एका भट्टीच्या दारात सव्वीस वर्षं बसली.

गाळण्याचं आधी सांगून टाकते. आमच्याकडे परवान्याच्या देशी दारूच्या दुकानालाच भट्टी म्हणतात. इंग्रजांच्या वेळी मध्य प्रांतात बऱ्याच ठिकाणी ठेकेदार स्वतः मोहफुलांची दारू गाळून तिथेच विकायचा. मी पाहिलेल्या भट्टीत गाळणं नव्हतंच. मळीपासून कारखान्यात झालेली दारू बाटल्यांत भरून ट्रकने यायची. संत्रा म्हणजे देशीचा एक प्रकार, पव्वा आणि निप म्हणजे छोट्या बाटल्या. मोहाची वेगळी, ती जंगलाकडच्या गावांतून टायरच्या ट्यूबमध्ये भरून चोरून यायची.

बाबा खाणीत लोडर होते, कोळसा भरायचे. खासगी कंपनीच्या काळात लागले, १९७३ मध्ये खाणी सरकारच्या झाल्या तेव्हा कायम झाले. त्यानंतर पगार वाढले आणि भट्टीसमोरची गर्दीही वाढली. गोरखपुरी, बिलासपुरी, तेलुगू, आमचे झाडीपट्टीतले, सगळे सेकंड शिफ्टचा भोंगा झाला की अंगावरच्या काळ्या धुळीसकट तिकडे वळायचे. दारूने छातीतली धूळ धुऊन निघते, असं ते मानत. साफ खोटं आहे. दारू पोटात जाते, धूळ फुप्फुसात बसलेली असते. बाबा रोज धूळ धूत होते आणि एकावन्नाव्या वर्षी चार पायऱ्या चढताना थांबून श्वास घ्यायचे.

बाबांचा पगार घरापर्यंत अर्धाच यायचा, म्हणून आईने भट्टीच्या ओट्याला लागून टोपली मांडली. उकडलेली अंडी, फुटाणे, मिरचीचे भजे, कांदा. तिच्यासारख्या अजून चार-पाच जणी होत्या. त्यातल्या दोघींचे नवरे आत बसलेले असत. कोण किती प्यायलं, कुणाच्या खिशात किती उरले, कुणाला आता घरी पोचवायला हवं, हे या बायकांना पक्कं ठाऊक असायचं. पगाराच्या दिवशी त्या कामगारांच्या बायकांकडे पोरं पाठवून निरोप द्यायच्या की ये, अजून शुद्धीत आहे, पैसे काढून घे. भट्टीवाला यावर चिडायचा, पण टोपल्या उठवायचा नाही, कारण खायला मिळालं की गिऱ्हाईक जास्त वेळ बसायचं.

मग आमच्या वॉर्डात बाटलीचं मतदान झालं, म्हणजे दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं याचं. नियम बहुतेकांना माहीत आहे: एक चतुर्थांश महिला मतदारांनी लेखी मागणी केली की मतदान, चिठ्ठीवर एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागायची. मत द्यायला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या. म्हणजे जी आली नाही ती आपोआप उभ्या बाटलीची.

आईने मागणीच्या कागदावर अंगठा दिला आणि मतही आडव्या बाटलीला टाकलं. दादा भडकला. "ज्या ओट्यावर बसून आम्हाला शिकवलंस, तोच तोडायला निघालीस काय?" आई म्हणाली, "काऊन गा, भट्टीवाल्यानं दिलं का मले? अंडे माहे होते, मी विकले."

आडवी बाटली अकरा मतांनी पडली. आलेल्या बहुतेक सगळ्या बायकांनी आडवीलाच मत दिलं होतं, तरी पडली. माझं नाव लग्नानंतर दहा वर्षं माहेरच्या यादीतून कमी झालेलं नव्हतं. मी नागपूरला होते, मुलाची परीक्षा होती, गेले नाही. त्या अकरांत एक मी आहे. आई याबद्दल मला कधी बोलली नाही.

पुढे १ एप्रिल २०१५ पासून अख्ख्या जिल्ह्यातच दारूबंदी आली. वर्ध्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून होतीच. भट्टीला कुलूप लागलं आणि आईची टोपली घरी आली. दोन वर्षांनी रस्ता रुंद करताना इमारत पाडली. दादा तेव्हापासून सांगतो की भट्टी गेली आणि गावाची ओळख गेली, सगळ्या जातींची माणसं एका बाकावर बसायची ती एकच जागा होती, आणि आईने स्वतःच्या पोटावर पाय दिला. बाकावरचं खरं आहे. पण त्या बाकावर बाई कधी बसली नाही, आणि जी जागा अर्ध्या गावाला दारातच थांबवते तिला गावाची ओळख म्हणणं मला पटत नाही. पोटाचं म्हणाल तर आईने नुकसान जाणूनबुजून पत्करलं होतं. ती शिकलेली नव्हती, पण हिशोबाला पक्की होती.

म्हणून तुम्ही आठवणी गोळा करणार असाल तर प्यायला जाणाऱ्यांपासून सुरुवात करू नका. त्यांना पहिल्या धारेच्या गप्पा आठवतात, पगाराची रात्र आठवत नाही. ओट्यावर बसणाऱ्या बायका शोधा, सत्तरी-ऐंशीतल्या असतील, लवकर शोधा. त्यांना दारूबद्दल विचारू नका, उधारीबद्दल विचारा. नावानिशी सांगतील.

कागद हवे असतील तर भट्टीची इमारत ग्रामपंचायतीच्या हद्दीत असल्यास जुना नमुना ८, म्हणजे घरपट्टीची नोंदवही, बघा, इमारत कुणाच्या नावावर होती ते कळेल. परवान्याची नोंद राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयात माहितीच्या अधिकारात मागता येईल.

हेही सांगायला हवं की बंदीने दारू थांबली नाही. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, तिकडे चालूच होती, आणि आमच्या गल्लीतली दोन पोरं रात्री तिकडून परतताना गाडीवरून पडून गेली. २०२१ मध्ये सरकारने बंदी उठवली तेव्हा मला वाईट वाटलं, आणि बंदी जशी चालली होती तशी चालू राहावी असंही वाटत नव्हतं. भट्टी बंद करायला दादाचा विरोध होता, त्यात थोडं तथ्य होतं, ते त्याला मी अजून सांगितलेलं नाही. शिवाय मी एकाच भट्टीचं बोलतेय. तुमच्या गावातली वेगळी असू शकेल.

इमारत आतून कशी होती ते मला सांगता येणार नाही. बाहेरून कौलारू, निळ्या रंगाचं दार, खिडकीला जाळी, इतकंच. मी उंबऱ्याच्या आत कधी गेले नाही. दादा गेलाय, तो बाकांची संख्यासुद्धा सांगेल. त्याच्यासारखं कुणी भेटलं तर ऐकून घ्या, आणि मग अंडी कोण उकडायचं तेही विचारा. आमच्याकडे ती मी उकडायचे, शाळेत जायच्या आधी, एका वेळी तीस, आणि फुटलेली घरी ठेवायचो.