नागपुरात ७ बाय ४ फुटांच्या काचेच्या पॅनेलसाठी मोठी भट्टी भाड्यानं मिळेल का?

तुमचं पॅनेल ७ बाय ४ फुटांचं, ६ मिलिमीटरच्या तीन फ्लोट काचा (खिडक्यांना लागते ती साधी सपाट काच) वितळवून एकजीव करायच्या, हॉटेलच्या लॉबीत लागणार, आणि घरची भट्टी दोन फुटांची. तीन वर्षांपूर्वी मी अशाच पेचात होते, माझं पॅनेल ५ बाय ३ चं होतं. मिळते भट्टी. फक्त काचवाल्यांकडे शोधू नका, मी पहिला महिना त्यातच घालवला.

काच टफन करणाऱ्यांची भट्टी बघितली की वाटतं, हीच हवी होती. पण तिच्यात काच रोलरवर मागेपुढे फिरत ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापते आणि बाहेर येताच हवेच्या झोतानं झटक्यात गार केली जाते. आपल्याला याच्या अगदी उलट हवं असतं. पावडर कोटिंगचं ओव्हन ऐसपैस असतं, पण ते दोनशेच्या आसपास चालतं.

लोखंडवाल्यांकडे जा. हिंगणा, बुटीबोरीच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनची कामं भरपूर आहेत. वेल्डिंग केलेल्या जड जॉबमधला ताण काढायला हीट ट्रीटमेंटवाले बोगी भट्टी वापरतात. तिचा तळ रुळांवरून बाहेर येतो, त्यामुळे काच बाहेरच शांतपणे मांडता येते. इलेक्ट्रिकच घ्या, ज्योतीच्या भट्टीत काजळी आणि असमान ताव दोन्ही नडतात. आणि ती किती अंशांपर्यंत जाते हे पहिल्या फोनवरच विचारा. पोलादाचा ताण काढायला ६००-६५० पुरतात, म्हणून काही भट्ट्या ७०० लाच थांबतात. फ्लोट काच पूर्ण एकजीव व्हायला ८२० च्या आसपास जावं लागतं.

या लोकांशी बोलणंही सोपं जातं. ५५० वर चार तास थांबायचं आणि मग तासाला २० अंशांनीच उतरायचं, असं मी तिथल्या ऑपरेटर काकांना सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "म्हंजे तुम्ही बी स्ट्रेसच काढून राह्यल्या ना मॅडम." अगदी तेच. काच आणि पोलाद, दोन्हीकडे दुखणं एकच आणि उपायही एकच.

आता भाड्याचं. मालक तासावर किंवा एका फायरिंगवर भाव सांगेल, आणि त्याच्या डोक्यात फायरिंग म्हणजे भट्टी तापलेली असते तेवढा वेळ. आपला खरा वेळ त्यानंतर सुरू होतो. माझा १८ मिलिमीटरचा तक्ता असा होता: तासाला ६० अंशांनी ५४० पर्यंत चढ, ६६० वर तासभर थांबून थरांमधली हवा निघू देणं, ८२० वर वीस मिनिटं, मग ५५० वर चार तास, तिथून ४३० पर्यंत तासाला २० नं, ३७० पर्यंत तासाला ३५ नं, आणि पुढे वीज बंद करून बंद दाराआड जे होईल ते. शेवटचा टप्पाच वीस तासांचा झाला. एकूण दोन दिवस, दोन रात्री. तुमच्यासाठी मी पूर्ण तीन दिवस बुक करीन. जाडी वाढवायचा विचार असेल तर आत्ताच थांबा, कारण जाडी दुप्पट झाली की थंड व्हायचा वेळ साधारण चौपट होतो.

थंड व्हायचा हा वेळ कागदावर नव्हता म्हणून माझं पहिलं पॅनेल गेलं. सकाळी त्यांचा स्वतःचा जॉब लागायचा होता, तर रात्रपाळीच्या मुलानं कंट्रोलरवर १९० असताना बोगी बाहेर ओढली. "पत्र्याले हात लावून पाह्यला, थंडा लागला, म्हून काढलं," तो म्हणाला. त्याचा दोष मी आजही धरत नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी पोचले तेव्हा पॅनेल एकसंध दिसत होतं. मग तिरप्या उजेडात एक रेघ दिसली, एका कोपऱ्यातून निघून नागमोडी वळणं घेत समोरच्या कडेला गेलेली. त्या रेघेवरून बोट फिरवलं तर धार लागली. ही खूण लक्षात ठेवा: तडा धारदार असेल तर तो उतरताना गेलाय, कडा गोलसर वितळलेल्या असतील तर चढतानाच गेला होता. रडू आवरत होते, पण निदान चढताना काही चुकलं नव्हतं हे त्या धारेनंच सांगितलं.

म्हणून करारात तीन गोष्टी लिहून घ्या. कंट्रोलरवर ६० च्या खाली आकडा आल्याशिवाय आणि तुम्ही समोर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. विजेचे पैसे मीटरच्या आधीच्या आणि नंतरच्या रीडिंगवर. काच फुटली तर भाडं द्यायचं की नाही, तेही. दुसऱ्या वेळी मी बोगीच्या हँडलला स्वतःचं कुलूप लावलं होतं, मालकानं हसत परवानगी दिली.

एक रिकामी चाचणी घ्याच, तिचे पैसे वाचवू नका. तळावर नऊ ठिकाणी तळहाताएवढे काचेचे तुकडे ठेवून ७६० पर्यंत न्या आणि बघा, कुठल्या कडा जास्त गोल झाल्या. या भट्ट्यांची कॉइल (तापणारी तार) बहुतेक बाजूंच्या भिंतींत असते, त्यामुळे कडा आधी तापतात आणि मध्य मागे राहतो. काचेच्या भट्टीत ऊब बहुधा वरून येते. फरक फार दिसला तर चढ अजून मंद करा. त्याच चाचणीत मध्येच मेन स्विच पाडून परत चालू करा. वीज आल्यावर कंट्रोलर जिथे होता तिथून पुढे चालतो, पहिल्यापासून सुरू करतो, की गप्प बसतो, हे तुमच्या काचेवर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. जूनमध्ये आपल्याकडे वादळवाऱ्यात वीज कशी जाते ते तुम्हाला माहीत आहे. तेवढ्यानं घाबरून दार मात्र उघडू नका, जड भट्टी हळूच उतरते.

लोखंडाच्या भट्टीत छताला चिकटलेली खपली काचेवर पडते आणि कायमची रुतते. छत आणि भिंती व्हॅक्यूमनं दोनदा साफ करा. तळ लेव्हल बॉटलनं तपासा, वर सिरॅमिक फायबर बोर्ड (ताव सोसणारी पाटी), त्यावर किल्न वॉशचे, म्हणजे काच चिकटू नये म्हणून लावायच्या लेपाचे थर. बोर्ड कापताना चांगला मास्क लावा, ती धूळ फुप्फुसांना वाईट.

काच तिन्ही थरांसाठी एकाच शीटमधून किंवा निदान एकाच लॉटमधून घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या काचा प्रसरणात जुळतीलच असं नाही. फ्लोट काच बनताना वितळलेल्या कथिलावर तरंगते, ती बाजू शॉर्टवेव्ह यूव्ही दिव्याखाली दुधाळ चमकते. मी ती सगळीकडे खाली ठेवते. उतरताना ८०० ते ७०० हा पट्टा जड भट्टीत रेंगाळतो आणि वर पांढुरका थर येऊ शकतो. हॉटेलवाल्यांना आरशासारखी चकाकी कबूल करण्याआधी त्याच भट्टीतला नमुना दाखवा.

वजनही आत्ताच धरा. एक चौरस मीटर काच दर मिलिमीटरला अडीच किलो, म्हणजे तुमचं पॅनेल ११५ किलोंच्या वर जातं. भट्टीत आडवं असलं तरी नेताना उभंच न्यायचं. आणि हे पॅनेल टफन केलेलं नसणार, तेव्हा लॉबीत माणसं खालून जाणार असतील तर मागून लॅमिनेशनशिवाय (काच फुटली तरी तुकडे धरून ठेवणारा थर) लावू नका. हॉटेल तयार असेल तर सात फुटांची लांबी तीन तुकड्यांत विभागून स्टीलच्या फ्रेममध्ये बसवणं मला जास्त पटतं. तडा गेलाच तर एक तृतीयांश काम जातं, सगळं नाही.

माझ्या दुसऱ्या पॅनेलच्या वेळी मे महिना होता. तिसऱ्या दिवशी दुपारी कुलूप काढलं तेव्हा भट्टीत ५४ होते, शेडमध्ये ४४. काकांनी बोगी इतक्या सावकाश ओढली की रुळांचा आवाजही आला नाही, आणि ती पूर्ण बाहेर येईपर्यंत कुणीच बोललं नाही. कडेपासून कडेपर्यंत बोट फिरवलं. कुठेच अडकलं नाही.