खुर्ची एक, दावेदार दोन

पत्र: "सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात नऊ वर्षं आहे. पॅकिंग माझ्याकडे, चेकिंग सहकाऱ्याकडे. डबा आम्ही एकत्रच खायचो. पाडव्याला मालक म्हणाले, दिवाळीपर्यंत तुमच्यातल्या एकाला मॅनेजर करणार. तेव्हापासून तो बदललाय. माझं काम स्वतःच्या नावावर सांगतो, केबिनमध्ये एकटा जाऊन माझ्या चुका मोजतो. मे महिन्यात एक लॉट वजनात कमी भरला. चेकिंगला वजन बरोबर होतं म्हणून खापर माझ्यावर फुटलं. आणि खरं सांगतो, शेडच्या, म्हणजे रंगछटेच्या, तक्रारीचा एक मेल मीही त्याला दाखवला नाही. तो मुळातच असा होता का? आणि मी?"

पत्रातली शेवटची कबुली लिहायला धीर लागतो. उत्तरही तिथूनच निघतं.

आत्मप्रौढी, डावपेच आणि दुसऱ्याच्या दुःखाची फिकीर नसणं, या तीन गुणांना पॉलहस आणि विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एकत्र 'काळं त्रिकूट' असं नाव दिलं. हे गुण कमीअधिक प्रमाणात सगळ्यांतच असतात. तुमच्या सहकाऱ्यात आहेत आणि तुमच्यातही. जिथे काय केलं की काय मिळणार हे स्पष्ट असतं, तिथे माणसं बरीचशी सारखी वागतात. जिथे ते धूसर असतं, तिथे ज्याच्या अंगात जे असेल ते वर येतं. तुमच्या मालकांनी खुर्ची एक ठेवली, निकष सांगितला नाही, आणि वर सात-आठ महिन्यांची मुदत दिली. त्यात एकेकाचं म्हणणं बंद केबिनमध्ये ऐकतात. अशा ठिकाणी काम दाखवण्यापेक्षा कान भरणं स्वस्त पडतं. मालक वाईट आहेत असं मी म्हणत नाही. चुरस लावली की काम वाढेल, असं बहुतेकांना मनापासून वाटतं.

आता तो मे महिन्याचा लॉट. तुमच्या भांडणाची गाठ तिथे आहे, म्हणून जरा सविस्तर बघू. ७० बाय १४० सेंटिमीटरचा, ५०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅमचा) टॉवेल ४९० ग्रॅम भरायला हवा. ऑर्डरीत वजन ५ टक्क्यांपर्यंत कमी चालेल असं धरलं असेल, तर ४६६ ग्रॅमच्या खाली माल नापास. पण सुती धागा हवेतला ओलावा धरतो. ६५ टक्के आर्द्रतेला कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के, म्हणजे त्या ४९० मधले जवळजवळ ३८ ग्रॅम पाणीच असतं. रात्रभर रॅकवर राहिलेला टॉवेल चेकिंगला पास होतो. तोच टंबलरमधून, म्हणजे सुकवायच्या मशीनमधून, काढून गरम असताना काट्यावर टाकला तर नापास होऊ शकतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यातली कोरडी हवा त्यात भरच घालते. त्या दिवशी तुम्ही दोघंही खरं बोलत असाल. वजन कधी केलं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून चूक शोधायची सोडून चोर शोधला गेला.

म्हणून पहिलं काम: चेकिंग ते पॅकिंग एकच रजिस्टर. लॉट नंबर, टंबलरमधून काढल्याची वेळ, वजनाची वेळ, दहा टॉवेलांची सरासरी, शेडकार्डाशी जुळलं की नाही, आणि देणारा-घेणारा अशा दोघांच्या सह्या. वजन दोन्हीकडे एकाच काट्यावर आणि टॉवेल ठरलेले तास मोकळ्यावर ठेवल्यावरच. सही एकट्याची असेल तर महिन्याभरात ते रजिस्टर पुराव्याचं शस्त्र होतं, मग नसलेलं बरं. 'चूक कोणाची' असा रकानाही ठेवू नका.

दुसरं, मालकांकडे जायचं, पण तक्रार घेऊन नाही. त्याच्याविरुद्ध एकटे गेलात तर तोच खेळ तुम्ही पुढे नेता. त्याला आधी सांगा, जमलं तर सोबत न्या. म्हणायचं एवढंच: "शेठ, मॅनेजर कशावर ठरणार ते लिहून दिलंत तर आम्हा दोघांना सोपं जाईल." आणि तीन गोष्टी सुचवा: वेळेवर गेलेल्या ऑर्डरी, परत आलेला माल, आणि हाताखालची किती माणसं टिकली. फक्त डिस्पॅचचे नग मोजले, तर परत आलेला माल लपवायची सोय होते. "तुम्ही दोघं आपसात बघून घ्या" असं उत्तर आलं, तर दर शनिवारी पंधरा मिनिटं तिघांची एकत्र बैठक मागा. जे सांगायचं ते तिथेच, समोरासमोर.

तो मुळातच असा होता का, हे ओळखायची एक खूण आहे. ज्यांच्याकडून त्याला काही मिळणार नाही, त्या हेल्परशी, हमालाशी, शिलाईच्या बायकांशी तो पाडव्याआधी कसा वागायचा? तिथेही अपमान, खोटं, धमकी असेल, तर हा चुरशीचा परिणाम नाही. मग मैत्री जपायच्या भरीला पडू नका. कामापुरतं आणि लेखी बोला. तिथे तो आजही नीट वागत असेल, तर निकष ठरल्यावर सहा आठवडे वाट बघा. बरंच निवळतं. सगळंच परत येईल असं मात्र नाही. डबा पुन्हा एकत्र उघडायला जास्त वेळ लागेल.

राहिला तो मेल. उद्या सकाळी पाळी सुरू होण्याआधी तो त्याला पाठवा, मालकांना प्रत ठेवा आणि वर दोन ओळी लिहा: "हा मेल मला अमुक तारखेला आला होता. मी पुढे पाठवला नाही, ही माझी चूक. त्या शेडचे लॉट अजून गोदामात असतील तर आज थांबवूया." 'कामाच्या गडबडीत राहिला' असं लिहू नका, कारण तो राहिला नव्हता. कदाचित सहकारी हाच मेल घेऊन केबिनमध्ये जाईल. जाऊ दे. प्रत मालकांकडे आधीच पोचलेली असेल, आणि चुकीच्या शेडचा माल गाडीत चढायच्या आधी थांबेल.