‘रन’च्या मागे धावू नकोस

अनुवादाला नुकतीच सुरुवात केली आहेस, म्हणून सांगते. ‘रन’ दिसला की ‘धावणे’ लिहून मोकळी होऊ नकोस. इंग्रजीत नाक रन होतं, आपलं वाहतं. कपड्याचा रंग रन होतो, आपला जातो. दुकान चालवतात, दूध संपतं, रस्त्यात कुणाची तरी अचानक गाठ पडते, मधुमेह घराण्यातच असतो. या सगळ्याला तिकडे ‘रन’च, फक्त शेपटीला कधी ‘आउट’, कधी ‘इन्टू’. म्हणून आधी शेपटी बघ, मग कर्ता.

निवडणुकीची तर गंमतच. अमेरिकेतला उमेदवार धावतो, ब्रिटनमधला उभा राहतो. आपलाही उभाच राहतो, त्यामुळे अमेरिकी बातमीतल्या उमेदवाराला मराठीत मुकाट्याने उभं करायचं. मी एकदा एकाला ‘अध्यक्षपदासाठी धावत’ ठेवलं होतं. संपादकांनी समासात नुसतं ‘दमेल’ एवढंच लिहिलं!

शब्दकोशातले अर्थ पाठ करायला बसू नकोस. आपला ‘लागणे’ घे. भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, दिवा लागतो, हळद लागते. कुणी शिकवलं होतं तुला? ‘रन’ही तसाच, वाक्यांतून अंगवळणी पडेल. वहीत सुटा शब्द नको, अख्खं वाक्य उतरवत जा.