वाचकांचे प्रश्न : ‘रजिस्ट्रेशन बाकी’ असलेली गाडी

प्रश्न : पुण्यात घेतलेली नवी कार बेंगळुरूला नेऊन तिथेच तिची कायम नोंदणी करायची आहे. काचेवर ‘नोंदणीसाठी अर्ज केला आहे’ असा कागद लावला की पुरे, असे शोरूमवाले म्हणतात. ते खरे आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, त्या कागदाला कायद्यात काडीचीही किंमत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 39 नुसार नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही; आणली, तर कलम 192 नुसार पहिल्याच वेळी 2,000 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. आपल्यासारख्यांसाठीच कलम 43 मध्ये तात्पुरत्या नोंदणीची सोय आहे. तिची मुदत सहा महिने असते, आणि तेवढ्या काळात बेंगळुरूच्या आरटीओत कायम नोंदणी करून तिथला रोड टॅक्स भरावा.

तात्पुरत्या क्रमांकाची पाटी पिवळी आणि त्यावरील अक्षरे लाल असतात. लाल पाटीवरील पांढरी अक्षरे मात्र विक्रेत्याच्या ट्रेड सर्टिफिकेटची (नोंदणी न झालेल्या गाड्या रस्त्यावर आणण्यासाठी विक्रेत्याला मिळणाऱ्या परवान्याची) खूण होय. ते विक्रेत्याच्या कामापुरते असल्याने ती पाटी लावून आपण बेंगळुरू गाठणे नियमबाह्यच ठरेल, मग शोरूमवाले कितीही गोड बोलोत. विमा चासी क्रमांकावर आधीच काढून घ्यावा, आणि तात्पुरते प्रमाणपत्र हाती पडल्याशिवाय गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर काढू नये.