गॉलवेला येताय, मुलगी आठ वर्षांची, आणि आयरिशचा प्रश्न

तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस उत्तर लिहायचं टाळलं. तुम्ही विचारलंय की नाशिकहून आयर्लंडमध्ये गॉलवेला येतोय, मुलगी आठ वर्षांची आहे, शाळेत आयरिश सक्तीची आहे म्हणतात, तर तिला सूट मिळेल का. आणि तुम्ही दोघं हौसेनं ॲपवर ती भाषा शिकायला लागलात, पण दोन महिन्यांत मन उडालं, तर पुढे नेटानं शिकण्यात काही अर्थ आहे का. परमिट, व्हिसा, घरभाडं यावर मी काही लिहीत नाही. ते सरकारी संकेतस्थळांवर आहे आणि माझ्या माहितीपेक्षा ताजं आहे. आम्ही २०१९ च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याहून इथे आलो. मला जे कुणी सांगितलं नाही तेवढंच लिहिते. लांबेल.

मुलीला सूट मिळणार नाही. निव्वळ परदेशातून आल्याच्या कारणावर ती मिळते ती शाळेत नाव घालायच्या दिवशी वय बारा पूर्ण असेल तर. माझा मुलगा त्या दिवशी अकरा वर्षं नऊ महिन्यांचा होता. आधी ही मर्यादा अकराची होती, ती नेमकी त्याच सप्टेंबरपासून बारा झाली. म्हणजे जुना नियम असता तर तो बसला असता, आणि आम्ही तीन महिने उशिरा आलो असतो तर नव्या नियमातही बसला असता. सहा वर्षं झाली, तरी ते तीन महिने मी अजून बोटांवर मोजते.

त्यातच दाखल्याचा घोळ. साताऱ्याच्या शाळेनं 'शाळा सोडल्याचा दाखला' दिला होता. आम्ही त्याचं इंग्रजी करून आणलं, 'स्कूल लीव्हिंग सर्टिफिकेट'. इथे 'लीव्हिंग सर्ट' म्हणजे आपली बारावी. ऑफिसातल्या बाईंनी कागद परत केला, हा चुकून दुसऱ्या कुणाचा आलाय म्हणून. मग साताऱ्याला फोन, बोनाफाईड, पुन्हा शिक्का, पुन्हा कुरियर. दीड महिना गेला. तुम्ही भाषांतर करून घेताना 'ट्रान्सफर सर्टिफिकेट' लिहून घ्या आणि मुख्याध्यापकांची सही निळ्या शाईत घ्या, नाहीतर इथे ती झेरॉक्स वाटते.

पण सूट नाकारली याचा राग कधीच गेला. राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. मुलगा सहावीत बसला. वर्गातली बाकीची मुलं बालवर्गापासून आयरिश शिकत आलेली, सात वर्षांची पुढे. नियमाप्रमाणे त्याला ती शिकणं भाग होतं, पण शिकवायचं कुणी? आयरिशच्या तासाला त्याला मागच्या बाकावर रंगवायला कागद द्यायचे. ऑक्टोबरमध्ये दप्तर आवरताना मला ते सापडले, अकरा कागद. एकावर मेंढी होती आणि खाली आयरिशमधल्या सहा ओळी. मेंढी अगदी रेषेच्या आत रंगवलेली. ओळींना पेन्सिल लागलेली नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "ते माझ्यासाठी नाहीये आई." शिक्षिका वाईट नव्हत्या. त्यांना वाटलं, पोराला त्रास नको. मला मात्र त्या मायेचा जितका त्रास झाला तितका नियमाचा झाला नाही. अकरा वर्षांच्या मुलाला रोज अर्धा तास कळत होतं की ह्या वर्गात चाललेली एक गोष्ट त्याची नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत शाळेला एकच प्रश्न विचारा: आयरिशच्या तासाला माझी मुलगी नेमकं काय करत असेल? उत्तर लेखी घ्या. मी विचारलं नाही, कारण नव्या देशात आल्या आल्या तक्रार करणारी आई व्हायचं नव्हतं. तुमची मुलगी आठ वर्षांची आहे, म्हणजे तीन-चार वर्षांचीच तफावत. मनावर घेतलं तर ती सहज भरून निघेल. आणि उद्या तिला प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हावंसं वाटलं तर आयरिश नसेल तर ती वाट बंद असते, हेही लक्षात असू द्या.

त्या मेंढीच्या रात्री मी शिकायला सुरुवात केली. त्याला शिकवायला म्हणून. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं.

आता तुमच्या मन उडण्याबद्दल. ॲपवर रोज दहा मिनिटं केली की ठिपके जमतात, भाषा येत नाही. मला चारशे दिवसांनीही दुकानात दूध मागता येत नव्हतं. उच्चार कळत नव्हते, कारण मी ते इंग्रजीच्या वाटेनं शोधत होते. 'बो' म्हणजे गाय आणि 'ब्यो' म्हणजे जिवंत. इंग्रज माणसाला हा फरक ऐकू यायला महिने लागतात. आपल्याला 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च वेगळा, हे पाळण्यातच कळलेलं असतं. 'मला भूक लागली' हे आयरिशमध्ये 'ता ओकरस ऑरम', म्हणजे भूक माझ्यावर आहे. 'मला मराठी येते' तसं 'ता गेल्गे अगम', आयरिश माझ्याजवळ आहे. दोन्हीकडे माणूस वाक्याचा मालक नसतो. हो आणि नाही यांना शब्दच नाहीत, क्रियापदानं उत्तर द्यायचं: "जेवलास?" "जेवलो." आपल्याकडे विभक्ती लागली की शब्दाचं शेपूट बदलतं, मुलगा, मुलग्याला. इथे तोंड बदलतं. मुलगा 'माक', पण माझा मुलगा 'मो वाक'. हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं 'मो वाक, मो वाक' म्हणत होते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. तुम्ही ही भाषा इंग्रजीतून नका शिकू. मनातल्या मनात मराठीतून शिका, अर्धी वाट आधीच चाललेली असते.

तरी अडायला होतंच. माझा पहिला संध्याकाळचा वर्ग सहाव्या आठवड्यात, मार्च २०२० मध्ये बंद पडला. मग पडद्यावर चौकोनात बसून शिकलो, तिथे निम्मे लोक गळाले. गॉलवेपासून पश्चिमेला बसनं थोडं गेलं की अन स्पिडेल हे गाव लागतं, ते गेलताख्तातलं, म्हणजे आयरिश अजून घरात बोलली जाते त्या मुलखातलं. मी तिथल्या दुकानात वाक्य घोकून गेले, आणि समोरच्यानं हसून इंग्रजीत उत्तर दिलं. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी मी दुकानात न जाता समुद्राकडे तोंड करून बसले आणि परत आले. मग मेनूथ विद्यापीठाची प्रौढांसाठीची 'टेग' परीक्षा आहे, तिच्यात ऐकण्याच्या भागात फार कमी गुण पडले. मी कॉनॉक्टची, म्हणजे गॉलवे ज्या प्रांतात येतं तिथली बोली शिकलेली. 'कशी आहेस' हे तीन प्रांतांत तीन तऱ्हांनी विचारतात, आणि उत्तरेकडच्या डोनेगॉलचा माणूस बोलायला लागला की मला सगळं पाण्याखालून ऐकू यायचं. तुम्ही गॉलवेत राहणार, तर एक कॉनॉक्टच धरा, बाकीच्या मागाहून येतील.

सगळ्यात जास्त धीर खचवला तो इथल्याच लोकांनी. ऑफिसात सांगितलं की गेल्गे शिकतेय, तर म्हणतात, कशाला? आम्ही तेरा-चौदा वर्षं शिकलो आणि बोलता येत नाही. १९३७ च्या घटनेप्रमाणे ती पहिली राजभाषा आहे. २०२२ च्या जनगणनेत पावणेएकोणीस लाख लोकांनी आयरिश येते म्हणून सांगितलं, आणि शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले बहात्तर हजारांच्या आत. मला आधी हा आळस वाटायचा. मग 'बाता स्कोर'बद्दल कळलं. एकोणिसाव्या शतकात मुलाच्या गळ्यात काठी बांधायचे. तो आयरिश बोलला की काठीवर एक खाच, आणि संध्याकाळी खाचा मोजून मार. खाचा करणाऱ्यांत आईबापही असायचे, कारण पुढे दुष्काळ आणि परदेशाला नेणारी बोट होती, आणि बोटीच्या पलीकडे इंग्रजी होती. हे कळलं त्या दिवशी मला माझी शाळा आठवली. मधल्या सुट्टीत मराठी बोललं की पन्नास पैसे दंड, आणि नावं लिहून घ्यायला वर्गातलीच एक मुलगी नेमलेली. दोन वर्षं ती मुलगी मीच होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एकटेपणाबद्दल तुमच्या पत्नीनं विचारलंय. असतो. पहिल्या नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडला की येतो, आणि कामाला लागलं की जातो. त्याचा बाऊ करू नका.

मला टिकवलं ते मंगळवारनं. इथे 'किर्कल कोरा' असतात, म्हणजे गप्पांचं वर्तुळ. वाचनालयात किंवा कॅफेत आठ-दहा जण जमतात आणि तासभर फक्त आयरिश बोलतात. अभ्यास झाला असो नसो, जायचं. आमच्यात ऐंशीच्या घरातल्या एक आजी आहेत, जन्म गेलताख्तातल्या अन केहरू रुआ गावचा, आयरिश त्यांच्या आईची भाषा. आयरिशमध्ये एका माणसाला उद्देशून आदराचं 'तुम्ही' नाही. शब्द आहे 'तू', हुबेहूब आपलाच 'तू', उच्चारही तोच. पहिले काही आठवडे मला त्यांच्याशी बोलताच येईना. आजीच्या वयाच्या बाईला 'तू' कसं म्हणायचं? वाक्य फिरवून फिरवून मी तो शब्द टाळायची. शेवटी त्यांनीच विचारलं, तुला व्याकरणातला द्वितीय पुरुष शिकवलाच नाही का? मी कारण सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग मनात तुझं ते मोठं 'तुम्ही' ठेव आणि तोंडानं 'तू' म्हण. मला ऐकू येईल.

२०२२ मध्ये माझे वडील गेले. साताऱ्याला महिनाभर राहिले. परत आले तर ॲपवरचे ते चारशे दिवस शून्यावर आले होते, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. सात महिने आयरिशचा शब्द काढला नाही. एक दिवस आजींचं पत्र आलं. त्यात त्यांच्या रीतीचं समाचाराचं वाक्य होतं. मराठीत त्याचा अर्थ एवढाच: तुझ्यावरचं हे संकट मला बरं वाटत नाही. इंग्रजीत जितकी पत्रं आली त्यांत मला रडू आलं नव्हतं. पुढच्या मंगळवारी गेले. सगळं विसरले होते, भूतकाळ तर पार. कुणी काही म्हटलं नाही. म्हणून सांगते, इच्छेच्या भरवशावर राहू नका, ती जाते. एक माणूस आणि एक वार ठरवा. चपात्या लाटताना 'रेडिओ ना गेलताख्त' हे आयरिश केंद्र लावून ठेवा, कळो न कळो.

मुलाचं म्हणाल तर लीव्हिंग सर्टला त्यानं आयरिश साध्या पातळीवर घेतलं. तोंडी परीक्षेला चाळीस टक्के गुण असतात. आम्ही रात्री जेवणाच्या टेबलावर चित्रमालिका पसरून बसायचो, चित्र बघून गोष्ट सांगायची, मी परीक्षक. तो बरा बोलला, चांगला पास झाला. त्या संध्याकाळी त्यानं पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि म्हणाला, "आता तू शीक, मला पुरे." मी पुढच्या मंगळवारी गेले. म्हणजे त्याच्यासाठी शिकते हे खरं नव्हतं. किंवा सुरुवातीला होतं आणि मधेच कधीतरी खरं राहिलं नाही.

आणि ज्यासाठी दोन दिवस उत्तर टाळलं ते हे. सहावीच्या त्या वर्षानंतर माझ्या मुलाची मराठी तिथेच थांबली. बोलतो, पण साताऱ्याहून आजीचा मेसेज आला की फोन माझ्याकडे देतो, "वाचून दाखव." जोडाक्षरं अडतात. दुसऱ्यांची हरवत चाललेली भाषा मी वहीत उतरवून घेत होते, आणि शेजारच्या खोलीत माझी हरवत होती. मला वेळ नव्हता असं नाही, मंगळवारला वेळ होता. नवरा म्हणतो, असं जोडू नकोस, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असतील. मला अजून सुटलेलं नाही.

तुम्ही शिका. मुलीलाही शिकू द्या, तिची आयरिश तुमच्यापेक्षा लवकर पळेल. उन्हाळ्यात मुलं तीन आठवडे गेलताख्तात लोकांच्या घरी राहून शिकतात, थोडी मोठी झाली की तिला पाठवा. पण सामान भरताना तिची मराठीची पुस्तकं तेवीस किलोत बसवा. बालभारतीचं तिसरीचं, चौथीचंही घ्या, पुढे मागवणं होत नाही. वजन जास्त भरलं तर थंडीचे कपडे काढा, ते इथे मिळतात. आलात की मंगळवारी या, सातला सुरू होतं. मुलीला घेऊन या, आजींना लहान मुलं आवडतात.