पोट फुगलं म्हणून म्हैस कालच मेली असं होत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संध्याकाळी सातला धार काढली, पहाटे सहाला म्हैस गोठ्यात मेलेली दिसली. दहाला पंचनाम्याला आलेला विम्याचा माणूस म्हणतो, "अंग ताठ, पोट टम्म, ही काल दुपारचीच." शवविच्छेदनात घेतलेल्या तुकड्यांवरून प्रयोगशाळा नेमकी वेळ सांगेल का? नाही सांगणार. पण त्याचं म्हणणंही टिकत नाही.

आधी पोटाचं बघू. जनावर मेलं तरी कोठीपोटातले (चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटातले) जिवाणू चारा आंबवतच राहतात आणि ढेकर तर बंद झालेली असते. उकाड्यात काही तासांतच पोट टम्म होतं. या आंबण्याची ऊबही आत राहते, त्यामुळे माणसाच्या प्रेताला लावतात ते थंड होण्याचं 'तासाला इतके अंश' गणित गायी-म्हशींना नीट लागू पडत नाही. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी तर हवाच अंगापेक्षा गरम असते, मढं थंड होणार कसं?

ताठरपणा साधारण २ ते ६ तासांत येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. स्नायूंतलं एटीपी (पेशीचं ऊर्जा देणारं रसायन) संपलं की तंतू सुटेनासे होतात. झटके येऊन किंवा धडपडून मेलेलं जनावर लवकर ताठतं, खंगलेलं जेमतेम ताठतं. सकाळी दहाला ताठ असणं तुमच्या वेळेत आरामात बसतं.

आता तुकड्यांचं. मेल्यावर पेशी आपल्याच विकरांनी (एन्झाइमनी) विरघळू लागतात. आतड्याचं अस्तर आणि स्वादुपिंड आधी जातात, हृदय आणि त्वचा बरीच टिकतात. आतड्याला टेकलेली यकृताची कड हिरवट-काळी पडते. कोठीपोटाचं अस्तर थोड्याच तासांत हाताने सोलून निघतं (नवखे डॉक्टर त्यालाच आजार समजतात). हा क्रम बऱ्यापैकी ठरलेला असतो, वेग मात्र नाही. मेंढ्यांच्या आंत्रविषारात (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या आजारात) मूत्रपिंड इतकं झपाट्याने मऊ पडतं की ताजं मढं शिळं वाटावं. शिवाय तुकडा फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) पडेपर्यंत ही प्रक्रिया चालूच असते. डोळ्यातल्या द्रवातलं पोटॅशियम मेल्यावर वाढत जातं, पण तापमानाने तेही हलतं आणि तासाच्या हिशेबाला पुरत नाही.

माझा भरवसा माश्यांवर जास्त. त्या शक्यतो उजेडात अंडी घालतात आणि उकाड्यातही अळी निघायला साधारण अर्धा ते एक दिवस जातो. म्हैस खरंच काल दुपारी मेली असती, तर सकाळी दहाला नाका-डोळ्यांत अळ्या वळवळायला हव्या होत्या. तुमच्या फोटोत फक्त पांढरट अंड्यांचे पुंजके दिसतात, ती सकाळचीही असू शकतात. जुनी चिघळलेली जखम असेल तर मात्र तिथल्या अळ्या धरू नका.

डॉक्टरांना अहवालात तासांचा आकडा मागू नका. तपासणीची वेळ, त्या वेळचं हवामान, ताठरपणा आणि अंडी-अळ्यांची स्थिती लिहून घ्या. पुढे कधी मेलेल्या जनावराच्या नाका-गुदातून काळपट, न गोठणारं रक्त दिसलं तर काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरून मढं फाडू देऊ नका. आधी कानातल्या रक्ताचा नमुना जाऊ दे.

आणि डेअरीची त्या संध्याकाळची पावती शोधा. लिटर रोजच्याइतके असतील, तर म्हैस सातला जिवंत होती याला तुमच्याकडे त्याहून चांगला कागद नाही.