पाटीवरची शेवटची ओळ

प्रश्न : काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी-जपानी वस्तू आणि युरोपीय चित्रं टाटांच्या नावानं मांडली आहेत. ती विकत घेतली होती का? आपल्या संस्थानिकांनी असं काही केलं का? (एक वाचक, दादर)

उत्तर : विकत नाही, ती देणगी आहे. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा १९१८ साली वारले. त्यांचा संग्रह १९२१मध्ये संग्रहालयाला मिळाला, थोरल्या सर दोराबजींचा १९३३मध्ये. पुढच्या खेपेला चिनी तपकिरीच्या चिमुकल्या बाटल्यांपाशी थांबा. एवढ्याशा जागेत केवढी कारागिरी! आणि पाटीवर देणाऱ्याचं नाव असतं, ते वाचाच. मी आधी तेच वाचते.

संस्थानिकांचं विचाराल, तर माझं मन थेट औंधला जातं. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. संग्रह वाड्यात कोंडून न ठेवता त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभं केलं. सातारा जिल्ह्यातल्या त्या लहानशा गावात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, शिवाय ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं माय-लेकराचं दगडी शिल्पही! मुंबईहून जाणार असाल तर एक मुक्काम ठेवूनच जा, घाईत ते बघून होत नाही.